एकाच प्राध्यापकाचा एच-इंडेक्स तीन ठिकाणी तीन! अहवालात कोणता धरायचा, आणि सहलेखनाचं जाळं कसं काढायचं?

मांजराकाठ

लातूर जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयाचं ग्रंथालय. १४ प्राध्यापकांच्या २०१५ ते २०२४ या दहा वर्षांच्या संशोधनाचा आढावा आयक्यूएसीला (महाविद्यालयाच्या गुणवत्ता हमी कक्षाला) द्यायचाय. ७ जण रसायन आणि वनस्पतीशास्त्राचे, ३ भूगोलाचे, २ इतिहासाचे, २ मराठीचे.

अडलंय ते असं. रसायनच्या एका सरांचा एच-इंडेक्स (सायटेशन, म्हणजे इतर लेखांत आलेले संदर्भ, यांवरून काढलेला आकडा) लेखांच्या तीन सूचींत वेगळा दिसतो: गूगल स्कॉलरवर ११, ओपनअ‍ॅलेक्सवर ८ आणि वर्गणीवाल्या स्कोपसवर ५. स्कोपसवर त्यांच्या तीन वेगळ्या नोंदी आहेत, त्यातली एक भलत्याच आडनावाखाली. मराठीच्या दोघांचं स्कोपसवर काहीच नाही.

शिवाय ‘कोण कोणाबरोबर लिहितं’ याचा नकाशा मागितलाय. व्हीओएसव्ह्यूअर या जाळं काढणाऱ्या साधनात फाइल टाकली तर १४ पैकी ९च माणसं दिसतात आणि बाहेरच्या एका मोठ्या गटानं सगळा पडदा व्यापलाय. स्कोपसची वर्गणी आमच्याकडे नाही, विद्यापीठातून एकदा सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) आणता येईल. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ

इंडेक्स सध्या बाजूला ठेवा. आधी नावं आणि पत्ते निपटा, बराचसा फरक तिथंच सापडेल.

भलतं आडनाव कुठून आलं ते सांगतो. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आणि तोच क्रम लेखावर जातो. समजा नाव ‘जाधव सुनील भीमराव’ असं छापलं (नाव काल्पनिक). बाहेरची यंत्रणा शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरते, म्हणून नोंद होते ‘भीमराव, जे. एस.’ पुढचा लेख ‘सुनील बी. जाधव’ नावानं, तिसरा नुसता ‘एस. जाधव’. झाल्या तीन नोंदी. वाघमारेंचा ‘व’ कुणी डब्ल्यूनं लिहितं, कुणी व्हीनं. लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडमच्या बाबतीत तर दोन वेगळ्या बायका तयार होतात.

पत्त्यांचा घोळ मराठवाड्यात जरा जास्तच आहे. औरंगाबादचं विद्यापीठ १९५८ साली ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणून सुरू झालं, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं निघालं. म्हणजे लातूर-नांदेडच्या ज्येष्ठांचे जुने लेख एका विद्यापीठाच्या नावावर आणि नवे दुसऱ्याच्या. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचं नाव लागलं. २०२३ पासून औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. नुसतं ‘औरंगाबाद’ शोधलंत तर बिहारमधलंही येतं. तेव्हा शोधताना संस्थेची सगळी जुनी-नवी नावं आणि लघुरूपं ‘किंवा’ लावून टाका.

काम या क्रमानं करा:

१. प्रत्येकाकडून स्वतःच्या लेखांची यादी घ्या. ती अपुरी असेल, पण पडताळणीला तीच लागते.
२. प्रत्येकाचं ऑर्किड (संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक) काढून घ्या. फुकट आहे, १६ अंकी क्रमांक मिळतो. त्यात ‘इतर नावं’ असा रकाना आहे, तिथं लेखांवर छापलेली सगळी रूपं भरायची.
३. एक मुख्य तक्ता करा, एका ओळीत एक लेख. रकाने: डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक), वर्ष, शीर्षक, सगळे लेखक छापील क्रमानं, लेखकसंख्या, आपल्या माणसाचा सांकेतिक क्रमांक, तिन्ही ठिकाणची सायटेशन वेगवेगळी, आणि आकडा घेतल्याची तारीख. आकडे शक्यतो एकाच दिवशी घ्या.
४. दुबार नोंदी डीओआयवरून काढा, आधी सगळी अक्षरं लहान लिपीत करून. डीओआय नसेल तर विरामचिन्हं काढून शीर्षकाची पहिली ५०-६० अक्षरं आणि वर्ष जुळवा.
५. स्कोपसवरच्या तीन नोंदी एक करण्याची विनंती लेखक स्वतः ऑनलाइन पाठवू शकतो, त्याला वर्गणी लागत नाही. ओपनअ‍ॅलेक्सवरही दुरुस्ती सुचवता येते. तिथं उलटा दोषही दिसतो: दोन ‘एस. शिंदे’ एकाच नोंदीत कोंबलेले.

गूगल स्कॉलरचं प्रोफाइल तर हमखास फुगलेलं असतं. आपोआप भर घालण्याची सोय चालू राहिली की त्याच नावाच्या दुसऱ्याचे लेख येऊन बसतात. सेटिंगमध्ये ‘आधी मला विचारा’ हा पर्याय निवडायला सांगा आणि नको ते लेख काढून टाका.

बदनापूर_तूर

गोदाकाठ यांच्याशी सहमत. नावं साफ झाल्यावरही ११, ८, ५ एक होणार नाहीत, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. स्कोपस फक्त स्वतःच्या यादीतल्या प्रकाशनांतून आलेलं सायटेशन धरतं, आणि एच-इंडेक्सही यादीतल्याच लेखांवर काढतं. स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, परिषदांतले निबंध, वेबवरचा कुठलाही शोधनिबंधासारखा दिसणारा पीडीएफ, सगळं घेतं. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही त्यात आली. तिघांतला ‘खरा’ कोणता याला उत्तर नाही. प्रत्येक आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहा, आणि एका तक्त्यात एकच स्रोत ठेवा. एकाचा स्कॉलरवरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसवरचा आकडा शेजारी ठेवलात तर अहवाल तिथंच गेला.

आता गणित. एखाद्याच्या ११ लेखांना उतरत्या क्रमानं अशी सायटेशन आहेत असं धरा: ४१, २२, १५, ९, ७, ६, ४, ३, १, ०, ०.

एच-इंडेक्स (होर्खे हिर्श, २००५): किमान ‘एच’ सायटेशन असलेले ‘एच’ लेख. सहाव्या लेखाला ६ आहेत, सातव्याला ४च. म्हणून ६.
जी-इंडेक्स (लिओ एग्हे, २००६): पहिल्या ‘जी’ लेखांची बेरीज ‘जी’च्या वर्गाइतकी तरी भरेल असा सर्वांत मोठा आकडा. पहिल्या दहांची बेरीज १०८, दहाचा वर्ग १००, बसतो. अकराव्याला १२१ लागतात, बेरीज १०८च राहते. म्हणून १०.
आय-टेन: दहा किंवा जास्त सायटेशन असलेले लेख. ३.
एम: एच भागिले पहिल्या लेखापासूनची वर्षं. १२ वर्षं झाली असतील तर ०.५.

४१ वाल्या लेखाला उद्या ४०० झाली तरी एच सहाच राहतो. तो सातत्य दाखवतो, मोठा लेख दाखवत नाही. आणि तो कधी उतरत नाही, निवृत्तीनंतरही चढत राहतो. त्यामुळे २००५ ला लागलेले सर आणि २०१९ ला लागलेल्या मॅडम यांचा एच शेजारी छापू नका. दहा वर्षांच्याच लेखांवरून काढा, तुमच्या मुख्य तक्त्यातून तो एक्सेलमध्येही निघतो.

स्व-सायटेशनची व्याख्या आधी ठरवून लिहा. ‘लेखकानं स्वतःला उद्धृत केलं’ एवढीच व्याख्या ढिली पडते, कारण सहलेखक त्याचं काम करतो. घेणाऱ्या आणि देणाऱ्या लेखात एकही नाव समान असेल तर ते स्व-सायटेशन, अशी कडक व्याख्या धरा. स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये ‘निवडलेला लेखक’ आणि ‘सर्व लेखक’ असे दोन पर्याय असतात, दुसरा घ्या.

विषयांची तुलना तर अजिबात नको. रसायनात एका लेखाखाली ५०-६० संदर्भ असणं नेहमीचं आहे, त्यामुळे सायटेशन फिरतंही जास्त. तुलना करायचीच असेल तर त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखांच्या सरासरीशी करतात. स्कोपसचा एफडब्ल्यूसीआय (विषयानुसार तोललेला सायटेशनचा आकडा) तसाच आहे, १ म्हणजे जगाची सरासरी. पण दहा-बारा लेखांच्या माणसाला तो लावला की एक गाजलेला लेख सगळी सरासरी ओढून नेतो. त्यापेक्षा ‘विषयातल्या वरच्या दहा टक्क्यांत किती लेख’ हा आकडा बरा.

आमच्या कृषीवाल्यांची एक गंमत. भेंडीचा ‘परभणी क्रांती’ किंवा ज्वारीचा ‘परभणी मोती’ हे वाण देशभर तुलनेसाठी लावले जातात. लेखात वाणाचं नाव येतं, पण वाण काढणाऱ्यांचा लेख संदर्भयादीत बहुधा नसतो. काम वापरलं गेलं, सायटेशन शून्य! अशा ठिकाणी स्कॉलरमध्ये वाणाचं नाव अवतरणचिन्हांत टाकून उल्लेख मोजा आणि वेगळ्या रकान्यात लिहा. सायटेशनमध्ये मिसळू नका.

चौकोनी_फाइल

एवढा व्याप कशाला? स्कोपसचा आकडा टाका, नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) विद्यापीठांच्या नमुन्यातही स्कोपस आणि तसलीच दुसरी सूची, वेब ऑफ सायन्स, होत्या. बाकीच्यांना ‘लागू नाही’ लिहा.

खुलताबाद_रस्ता

@चौकोनी_फाइल ‘लागू नाही’ आणि ‘शून्य’ यातला फरक फाइल वाचणाऱ्याला कळत नाही, सर. मराठीचे दोघं तर कोरेच दिसतील.

मराठी आणि इतिहासाचं सायटेशन यंत्राला का दिसत नाही त्याची कारणं साधी आहेत. बहुतेक मराठी नियतकालिकांना डीओआय नाही. जुने अंक स्कॅन करून चढवलेत, त्यात मजकुराचा थरच नाही, नुसती चित्रं. जे संगणकावर जुळवले तेही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. डोळ्याला ‘हैदराबाद मुक्तिसंग्राम’ दिसतं, कॉपी करून चिकटवलं की रोमन अक्षरांचा कचरा. शोधयंत्र तो कचराच वाचतं. स्कॉलर ५ एमबीपेक्षा मोठा पीडीएफ सहसा घेत नाही, आणि आपले अख्ख्या अंकाचे पीडीएफ ३०-४० एमबीचे. शिवाय या विषयांत वजन पुस्तकाला असतं.

हातानं मोजण्याचा रस्ता असा. शोधगंगावर (पीएचडी प्रबंधांचं देशपातळीवरचं भांडार) प्रबंध प्रकरणवार चढवलेले असतात, संदर्भसूचीची फाइल वेगळी मिळते. विषयाशी जुळणारे २०१५ नंतरचे प्रबंध निवडा, फक्त सूचीची फाइल उघडा, लेखकाचं नाव बघा. स्वतःच्या मार्गदर्शनाखालचे प्रबंध वगळा, ते घरचेच. दुसरं, विद्यापीठांच्या अभ्यासक्रमातल्या संदर्भग्रंथांच्या याद्या. तिसरं, गूगल बुक्समध्ये पुस्तकाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही तऱ्हांनी. ‘किती प्रबंधांच्या सूची तपासल्या, त्यांपैकी कितींत नाव आलं’ असं छेदासकट लिहा. नुसतं ‘२३ संदर्भ’ याला अर्थ नाही.

पुढचं नुकसान टाळायचं तर महाविद्यालयाच्या अंकातला प्रत्येक लेख युनिकोडमध्ये, सुटा पीडीएफ करून, शीर्षक आणि लेखक पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात, अशा रीतीनं चढवा.

सहलेखक_आलेख

जाळ्याबद्दल लिहितो. व्हीओएसव्ह्यूअर हे नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठातल्या व्हॅन एक आणि वॉल्टमन यांचं मोफत साधन आहे. तुमचे पाच जण तीन ठिकाणी गळालेत, एकेक बघा.

पहिली गळती: लेखकाचे किमान लेख. आधीपासून भरलेला (डिफॉल्ट) आकडा ५ असतो, तो १ करा. दुसरी: एका लेखात २५ पेक्षा जास्त लेखक असतील तर तो लेख बाजूला टाकला जातो. हे तसंच राहू द्या, पण किती लेख गेले ते टिपून ठेवा. तिसरी, आणि बहुधा हीच तुमची: शेवटी तो विचारतो की काही नावं एकमेकांना जोडलेली नाहीत, फक्त सर्वांत मोठा जोडलेला गट दाखवू का? ‘नाही’ म्हणा. भूगोलाचे तिघं आपापसांतच लिहीत असतील तर ‘हो’ म्हटल्याबरोबर ते नकाशावरून जातात.

नावांसाठी थिसॉरस (एकाच नावाची वेगवेगळी रूपं जोडणारी) फाइल बनवा. टॅबनं वेगळे केलेले दोन रकाने, शीर्षकं इंग्रजी लहान लिपीत ‘लेबल’ आणि ‘रिप्लेस बाय’. डावीकडे छापलेलं रूप, उजवीकडे ठरवलेलं एकच रूप. दोन वेगळ्या माणसांचं आडनाव-आद्याक्षर सारखं असेल तर थिसॉरस उपयोगी नाही, तो जोडतो, तोडत नाही. तिथं सीएसव्हीतच नावाला सांकेतिक क्रमांक चिकटवा.

पडदा व्यापलेला गट म्हणजे जास्त लेखकांचा एखादाच लेख असणार. १२ जणांच्या एका लेखातून ६६ रेषा निघतात (१२ × ११ ÷ २), तिघांच्या लेखातून ३. पूर्ण मोजणीत प्रत्येक रेषेचं वजन १, मग तो लेख गावभर पसरणारच. ‘फ्रॅक्शनल काउंटिंग’ निवडा. त्यात प्रत्येक रेषेला १ भागिले (लेखकसंख्या − १) एवढं वजन मिळतं, म्हणजे एका लेखातून एका माणसाच्या वाट्याला एकूण १च येतो. मार्क न्यूमननं २००१ मध्ये शास्त्रज्ञांच्या सहलेखनाचं जाळं मोजताना हेच वजन वापरलं होतं.

नकाशे दोन काढा. एकात फक्त तुमचे १४. दुसऱ्यात १४ आणि त्यांच्याबरोबर किमान २ लेख असलेले बाहेरचे. बाहेरच्यांची खूण निवडीच्या यादीत काढता येते.

दोन माणसांतली जवळीक सांगायची तर नुसते एकत्र लेख नका मोजू. साल्टनचं माप घ्या: एकत्र लेख भागिले दोघांच्या लेखसंख्येच्या गुणाकाराचं वर्गमूळ. १६ आणि ९ लेखवाल्यांचे ६ एकत्र असतील तर ६ ÷ १२ = ०.५. १०० आणि ४ वाल्यांचे चारही एकत्र असतील तर ४ ÷ २० = ०.२. दुसऱ्या जोडीत लहानाचं सगळं काम मोठ्याबरोबर आहे, मोठ्याला त्याचा पत्ताही नसेल.

केंद्रियतेचे, म्हणजे जाळ्यात कोण किती मध्यवर्ती आहे याचे, आकडे व्हीओएसव्ह्यूअर देत नाही. जाळं पजेक किंवा जीएमएल स्वरूपात साठवा आणि गेफी या जाळ्यांच्या साधनात उघडा. ‘नेटवर्क डायमीटर’ चालवलं की बिटवीननेस (इतरांमधल्या किती वाटा एका माणसावरून जातात) निघतो. पायथन भाषेतल्या नेटवर्कएक्स या साधनात करणार असाल तर सांभाळा: तिथं बिटवीननेस काढताना वजन दिलं की ते अंतर समजलं जातं. जास्त लेख म्हणजे जास्त लांब, असा उलटा निकाल येतो. वजनाचा व्यस्त करून द्या.

मोठा फसवा प्रकार म्हणजे मार्गदर्शकाची चांदणी. एक गाइड, ८ विद्यार्थी, प्रत्येक लेख दोघांचा. विद्यार्थ्यांच्या २८ जोड्या होतात आणि २८ च्या २८ वाटा गाइडवरून जातात, म्हणून बिटवीननेस पूर्ण १. अहवालात लिहिलं जातं ‘विभागाला जोडणारा दुवा’. प्रत्यक्षात त्यानं कोणत्याच दोन गटांना जोडलेलं नाही. विद्यार्थी वगळून जाळं पुन्हा काढा. तरीही जो दोन गटांच्या मधे उभा राहतो, तो दुवा.

अजून एक. तुमच्या फाइलमध्ये बाहेरच्या माणसाचे फक्त तुमच्याबरोबरचे लेख आहेत. त्यामुळे त्याची केंद्रियता कधीच छापू नका, ती तुमच्या फाइलची कड आहे, त्याचं स्थान नव्हे. आणि १४ जणांच्या जाळ्यात एक लेख काढून परत चालवून बघा. क्रम उलटा झाला तर क्रमवारी देऊच नका, चित्र द्या.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. थिसॉरस लावून आणि ‘नाही’ म्हणून बघितलं, १३ जोडलेले दिसतात! चौदावे मराठीचे, त्यांचे सगळे लेख एकट्याचे. दोन शंका उरल्यात. (१) एकट्यानं लिहिणारा जाळ्यात शून्य, मग त्यांचं काय? (२) कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या) फायलीतले गुण प्रत्येकाकडे तयार आहेत, त्यांची बेरीज विभागाचा आकडा म्हणून चालेल का?

सहलेखक_आलेख

(१) त्यांना नकाशावर सुटा ठिपका म्हणून ठेवा आणि खाली लेखसंख्या द्या. विभागासाठी दोन साधी मापं लावा. चार लेख, लेखक अनुक्रमे १, २, ४, ५ असतील तर सहलेखनाचं प्रमाण ३ ÷ ४ = ०.७५. सहयोग गुणांक म्हणजे १ वजा (१ भागिले लेखकसंख्या) यांची सरासरी: १, ०.५, ०.२५, ०.२ ची सरासरी ०.४८७५, म्हणून ०.५१२५. मराठी-इतिहासासाठी हे कमी येणार, आणि ते कमीच असायला हवं. विज्ञानाशी तुलना न करता वेगळ्या ओळीत ठेवा.

शिवाय एकत्र न लिहिणारेही जवळ असू शकतात. दोघांच्या संदर्भयाद्यांत किती संदर्भ समान आहेत हे बघतात, त्याला बिब्लिओग्राफिक कपलिंग म्हणतात. व्हीओएसव्ह्यूअरमध्ये तोच पर्याय आहे, फक्त सीएसव्ही आणताना संदर्भांचा रकाना टिकवायला सांगा. तो विसरला की परत विद्यापीठाची वारी.

बदनापूर_तूर

(२) नाही चालणार. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दोन लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के. त्याहून जास्त असले तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. म्हणजे पाच जणांचा एक लेख ७० + ४ × ३० = १९० टक्के होतो. पाचही जण तुमच्याच विभागाचे असतील तर बेरजेत एका लेखाचे जवळजवळ दोन होतात. ते गुण व्यक्तीच्या बढतीसाठी आहेत. विभागासाठी मुख्य तक्त्यातल्या ओळी मोजा, एक डीओआय एकदाच.

आणि यूजीसी-केअर यादीचा (यूजीसीनं मान्य केलेल्या नियतकालिकांची यादी) रकाना ठेवला असेल तर लेखाच्या वर्षाप्रमाणे बघा. यूजीसीनं ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, पण तुमचा काळ २०२४ पर्यंतचा आहे. लेख छापला तेव्हा नियतकालिक यादीत होतं का, एवढंच लिहायचं. त्याच नावाची बनावट संकेतस्थळं होती, म्हणून आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) जुळवून घ्या.

गोदाकाठ

सीएसव्ही आणायला जाल तेव्हा लेखकांच्या ओळखक्रमांकाचा आणि पूर्ण नावांचा रकाना पण घ्या. नुसत्या आद्याक्षरांची फाइल घेऊन आलात तर दोन जाधव पुन्हा एक होतील.